व्यवसायाच्या नोंदी आणि फ्रेमवर्कची निवड

एखादा घाऊक व्यापारी किंवा पतसंस्था स्वतःसाठी वेबवर चालणारे सॉफ्टवेअर करून घेऊ लागली, की चर्चा बहुधा फ्रेमवर्कपासून, म्हणजे लॉगिन, फॉर्म, सुरक्षितता यांसारखी नेहमी लागणारी कामे आधीच लिहून ठेवलेल्या तयार सांगाड्यापासून सुरू होते. वास्तविक अधिक विचार मागणारा निर्णय डेटाबेसचा असतो. कारण पडद्यावरची पाने काही वर्षांनी नव्याने लिहिता येतात, परंतु उधारीच्या आणि साठ्याच्या नोंदी त्यानंतरही जशाच्या तशा पुढे न्याव्या लागतात.

आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत राहते. ग्राहकाचा पत्ता एकदाच नोंदवला जातो आणि त्याच्या प्रत्येक बिलात केवळ ग्राहक क्रमांकाचा निर्देश असतो. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल हे मुक्त परवान्याने मिळणारे डेटाबेस याच पद्धतीचे आहेत. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे ट्रान्झॅक्शन: बिल बनणे, साठा घटणे आणि ग्राहकाच्या खात्यावर रक्कम चढणे या तिन्ही नोंदी एकत्रच पूर्ण होतात आणि मध्येच वीज गेली, तर तिन्हींपैकी एकही टिकत नाही. निश्चित रकाने नसलेल्या नोंदी साठवणाऱ्या मोंगोडीबीमध्ये अनेक नोंदींना कवेत घेणारी अशी सोय २०१८ मध्ये आली. तरीही बिले आणि खाती हाच ज्याचा गाभा आहे, अशा कामासाठी मोंगोडीबीकडे वळण्याचे सबळ कारण क्वचितच आढळते.

तक्त्यांची आखणी मात्र कोणताही डेटाबेस आपण होऊन करून देत नाही. रक्कम फ्लोटिंग पॉइंट प्रकारात साठवली, तर द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि पैशांचे फरक साचत जातात. म्हणून रकमेसाठी डेसिमल प्रकार वापरावा लागतो. जीएसटीचा दर प्रोग्रॅममध्ये थेट लिहून ठेवणे ही तर हमखास होणारी चूक. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक वस्तूंचे दर बदलले, तेव्हा ज्यांच्या तक्त्यात दरासोबत तो लागू होण्याची तारीखही होती, त्यांना एक ओळ वाढवून भागण्यासारखे होते आणि जुनी बिले जुन्याच दराने छापणे शक्य होते. शिवाय कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे त्याची तजवीजही आरंभीच करणे श्रेयस्कर ठरते.

इतके ठरल्यावर फ्रेमवर्कचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले आणि २००५ मध्ये खुले झालेले पायथनमधील जँगो, रुबीमधील रेल्स आणि पीएचपीमधील लाराव्हेल ही तिन्ही अशा कामाला पुरेशी आहेत. वेगाच्या तुलनेपेक्षा गावात किंवा जवळच्या शहरात कोणत्या भाषेचे जाणकार मिळतात, हा निकष अधिक उपयोगी. तिन्हींमध्ये ओआरएम असते, म्हणजे तक्त्यातील ओळी प्रोग्रॅममधील वस्तूंसारख्या हाताळू देणारा दुवा. निष्काळजीपणे वापरल्यास तो शंभर बिलांच्या यादीसाठी डेटाबेसला १०१ वेळा विचारणा करतो, आणि संथपणाचा दोष मात्र फ्रेमवर्कच्या माथी येतो. निवडलेल्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, हेही पाहावे लागते, कारण पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा त्यावर बेतलेल्या प्रणालींपुढे पुनर्लेखनाचा खर्च उभा राहिला.

सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्याशी होणाऱ्या करारात सर्व्हरचे खाते व्यावसायिकाच्या नावावर असल्याचे आणि संपूर्ण डेटाबेसची प्रत मागताक्षणी मिळेल असे कलम असावे, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून तपासल्याखेरीज अखेरचा हप्ता देऊ नये.