माणदेश : पावसाच्या सावलीतला मुलूख

आपल्या शाळेच्या आवारात जून ते सप्टेंबर पाण्याचा आवाज थांबत नाही. तारोडी, डोंगरी, उत्तन हा सारा पट्टा समुद्र आणि खाडी यांच्या मधला. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ चढते, वसतिगृहाच्या दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. अशा ठिकाणी बसून दुष्काळाचा पाठ शिकविणे अवघडच. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी विचारले होते, "कोरडा देश म्हटले की तुम्हांला काय आठवते?" सहारा, अरबस्तान, राजस्थान अशी उत्तरे आली. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचं गाव." तो सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातला. वर्ग हसला, तो मात्र हसला नाही. त्या दिवशी मी पुस्तक मिटले आणि फळ्यावर माणदेशाचा नकाशा काढला. त्या तासाला जे सांगितले आणि वेळेअभावी जे राहून गेले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहे.

माणदेश हा कोणत्याही सरकारी नकाशावर स्वतंत्र रंगाने दाखविलेला प्रदेश नव्हे. सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगलीतील आटपाडी, जत, कवठे महांकाळ व खानापूरचा काही भाग, सोलापूरकडील सांगोला आणि मंगळवेढा, अशी त्याची सैल हद्द सांगता येते. प्रदेशाला नाव दिले ते माण नदीने. लोक तिला आदराने माणगंगा म्हणतात. महादेवाच्या डोंगररांगेत, माण तालुक्यात, ती उगम पावते आणि आग्नेयेकडे वाहत जाऊन पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. वर्षातील बहुतेक काळ तिच्या पात्रात वाळू असते. थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी प्राचीन राष्ट्रकूटांच्या एका शाखेची राजधानी मानपूर म्हणजे हेच माण होय, असे प्रतिपादन केले होते. म्हणजे हा मुलूख निर्जन कधीच नव्हता, केवळ तहानलेला होता.

येथे पाऊस का पडत नाही, याचे उत्तर सह्याद्रीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटमाथ्यावर चढताना थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी तेथेच टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, दहिवडीला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. डोंगर उतरताना वारा तापतो, कोरडा होतो, आणि ढग नुसतेच डोक्यावरून निघून जातात. भूगोलाच्या पुस्तकात यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द एरवी सुखद; येथे मात्र या सावलीत उभे राहणाऱ्याला ऊनच मिळते. जूनचा पाऊस बेभरवशाचा असल्याने माणदेशी शेतकऱ्याचा जीव परतीच्या पावसात, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत गुंतलेला असतो. तो पडला तर रब्बीची ज्वारी येते, जनावरांना कडबा मिळतो. नाही पडला तर पुढचे आठ महिने केवळ वाट पाहणे.

त्यात जमीनही साथ देत नाही. दख्खनच्या या काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि मग अखंड पाषाण. खडकाच्या भेगांत साठेल तेवढेच विहिरीचे पाणी. मंगळवेढ्याकडे उतरले की काळी कसदार जमीन लागते आणि तेथील मालदांडी ज्वारीचे नाव सर्वदूर आहे. परंतु माण, आटपाडीच्या माळावर बाजरी, मटकी, हुलगा एवढ्यावरच संसार चालत आला.

तरीही हा माळ ओसाड नव्हे. पावसाच्या चार सरींनी तो गवताने झाकला जातो. बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब ही काटक झाडे, चिंकारा, ससा, कोल्हा, आणि मेंढरांच्या कळपामागे फिरणारा लांडगा ही या प्रदेशाची खरी संपत्ती. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. शासकीय भाषेत अशा माळरानाला 'पडीक' म्हणण्याची जुनी सवय आहे. मेंढपाळाला विचारावे, तो त्यातील प्रत्येक गवताचे नाव सांगेल.

माणसांनीही या निसर्गाप्रमाणे आपली घडण केली. धनगर समाजाने मेंढी सांभाळली आणि पावसाच्या मागे-पुढे चालत राहण्याचे शास्त्र विकसित केले. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची मेंढी आजही बाजारात भाव खाते. पांढऱ्या शुभ्र, लांब शिंगांच्या खिलार बैलाची जात याच भागातली. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराला दूरदूरचे शेतकरी येतात. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. एका लहानशा धनगरवाडीत आलेल्या तरुण शिक्षकाची ती कथा असल्याने आम्हां शिक्षकांना ती विशेष जवळची. तिच्या शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. शाळा आहे, मास्तर आहे, पण गाव नाही, हे चित्र ज्याने दुर्गम भागात नोकरी केली त्याला अनोळखी वाटणार नाही. त्यांचे बंधू ग. दि. माडगूळकर यांनी 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटाची कथा लिहिली, तिचे मूळही याच मातीत आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानाने स्वतंत्रपूर नावाची, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी केली होती.

मात्र माणदेशाचे हे साहित्यिक चित्र आपण जेव्हा वाचतो, तेव्हा एक प्रश्न बाजूला राहतो. गावात विहीर होती, हे खरे. पण ती कोणाची होती? दुष्काळ सर्वांवर सारखा येतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. इतिहास तसे सांगत नाही.

मंगळवेढ्याचेच उदाहरण घ्यावे. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याचे कोठार लोकांसाठी खुले केले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांच्याविषयीची परंपरा मात्र तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला धरलेले असताना ते कूस कोसळून १३३८ साली त्यांचा मृत्यू झाला, असे ती परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत राहण्याची त्यांना मुभा नव्हती, तेच बांधताना हे घडले. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, यामागचा अर्थ माणदेशाच्या इतिहासात उभा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली दुष्काळ अधिक भीषण झाले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन होरपळला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविला. निराधार मुलांना एकत्र ठेवून जेवू घालण्याची ही धडपड आपल्यासारख्या निवासी शाळेने विसरू नये अशी आहे. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जोतीरावांनी डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून माती आणि पाणी अडविण्याचा आग्रह धरला, आणि त्या कामी सरकारने आपले लष्कर व पोलीस लावावेत असे सुचविले. आज ज्याला पाणलोट क्षेत्रविकास म्हणतात, त्याचा हा आराखडा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा.

यानंतर जो प्रसंग सांगायचा आहे, त्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहावयास घेतला. १९०१ साल. नुकत्याच झालेल्या दुष्काळाने सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग पोळून निघाला होता. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे उपासमारीने मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते, आणि त्या कामावर रोखपाल म्हणून सुभेदार रामजी आंबेडकर नेमलेले होते. सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने निघाली व मसूर स्थानकावर उतरली. नवे कपडे, नवी टोपी, प्रवासाचा आनंद. वडिलांपर्यंत पत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि तो शेजारून चालेल.

संध्याकाळी गाडी निघाली. मुलांजवळ खाण्याचे पदार्थ पुष्कळ होते, पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दाखविले गेले, ते जनावरांच्या मलमूत्राने घाण झालेले होते. मध्यरात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागून पाहिले. तेही मिळाले नाही. अन्न समोर असताना केवळ पाण्यावाचून ती उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींच्या टिपणांत हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे, आणि पालकांनी तो मुलांकडून वाचून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

या प्रसंगाकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी पुन:पुन्हा परत येतो. वडील दुष्काळग्रस्तांसाठी खोदल्या जाणाऱ्या तलावाचा हिशेब ठेवीत होते. त्याच तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांच्या मुलांना घोटभर पाणी नव्हते. आकाशातून न पडणाऱ्या पावसाचा दुष्काळ निराळा आणि माणसाने माणसाला नाकारलेल्या पाण्याचा दुष्काळ निराळा. त्या रात्री या दोन्ही दुष्काळांतून एक नऊ वर्षांचा मुलगा गेला. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडले त्याची एक वाट मसूर स्थानकापासून निघते, असे मला वाटते. आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी नदीखोऱ्यांच्या एकात्मिक विकासाचे आणि दामोदर प्रकल्पाचे धोरण आखले, ते केवळ अर्थशास्त्रज्ञाचे काम नव्हते.

आटपाडीच्याच मातीत १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन माणदेशाचे दुसरे दर्शन घडविते. तराळ म्हणजे गावाचे पडेल ते काम पाळीने करणारा महार वतनदार. दिवसरात्र राबायचे आणि मोबदल्यात भाकरी मागून आणायची. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. तराळाचा हा मुलगा वकील झाला, बाबासाहेबांच्या चळवळीत आला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. माडगूळकर आणि खरात हे एकाच तालुक्याचे, जवळजवळ एकाच काळाचे लेखक. दोघांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय माणदेश कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. सुकडी खाऊन खडी फोडलेली पिढी आज आजी-आजोबांच्या वयाची आहे. त्यातून रोजगार हमी योजना विस्तारली. तिचे प्रवर्तक वि. स. पागे हे शेजारच्या तासगाव तालुक्यातले. अनेक कुटुंबांनी मात्र गाव सोडणेच पत्करले. मुंबईच्या गिरण्यांत, ऊसतोडीला, आणि खानापूर-आटपाडीचे कित्येक तरुण सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात भारतभर पांगले.

१९९३ पासून आटपाडीत पाणी संघर्ष परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतील लोकांना संघटित केले. त्यांची मागणी केवळ 'कृष्णेचे पाणी द्या' अशी नव्हती. पाणी समान वाटले जावे, जमीन असलेल्यालाच नव्हे तर भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, असा तो आग्रह होता. टेंभू उपसा योजनेने कराडजवळून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या माळावर आणले. आज आटपाडी-सांगोल्यात डाळिंबाच्या बागा दिसतात. पाणी आले, याचा आनंद आहेच. पण वाटपाचा जो मूळ आग्रह होता, तो प्रत्यक्षात कितपत उतरला, हे ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला विचारले पाहिजे. ऊस आणि बोअरवेल यांची स्पर्धा सुरू झाली, तर उंचीवरून आणलेले पाणीही खालच्या आळीपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या शाळेजवळच कान्हेरीची लेणी आहेत. सहलीला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढी पाहिल्या असतील. त्या कोरण्यासाठी दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे शिलालेखांत आहेत. पावसाळ्याचे पाणी साठवून ते वर्षभर पुरवायचे, ही कला या भूमीला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. आटपाडीच्या त्या विद्यार्थ्याला मी पोढीपाशी उभे केले, तेव्हा त्याने आत डोकावून पहिला प्रश्न विचारला, "सर, हे पाणी कोण कोण पीत होतं?"

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या भागांतून आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी एक काम करावे. आपल्या गावात किती विहिरी होत्या, त्यांतील कोणती कोणाची, आणि आपल्या घरातील माणसाने सार्वजनिक विहिरीवर पहिल्यांदा घागर कोणत्या साली भरली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीच्या एका पानावर लिहून शाळेच्या इतिहास विभागाकडे पाठवावे. ज्यांना हे आठवते, ती माणसे आता थोडीच उरली आहेत.