लसिका फक्त व्यायामानेच हलते का?

व्यायामाच्या वर्गांत आणि मसाजच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: लसिकेला पंप नाही, तुम्ही हललात तरच ती हलते. हृदयासारखा एकच पंप नाही, हे खरं. बाकीचं चूक आहे.

केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर झिरपतात. त्यातलं बहुतेक पाणी केशवाहिन्याच परत शोषतात, असं अजूनही शिकवलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक अवयवांत ते लसिका म्हणून लसिकावाहिन्या उचलतात, दिवसाला अंदाजे ८ लिटर. त्यांच्यातल्या मोठ्या वाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा भिंतीतल्या स्नायूंच्या बळावर मिनिटाला काही वेळा आपोआप आकुंचन पावतो, आपण गाढ झोपेत असलो तरीही. चालण्याने आणि खोल श्वासाने हा प्रवाह वाढतो, सुरू मात्र तो कायमच असतो. लसिका शेवटी मानेच्या पायथ्याशी मोठ्या शिरांत उतरते. १६२२ साली शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारे असेलीला कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधाळ लसिकावाहिन्या दिसल्या, तेव्हा त्या यकृताकडे जातात असं त्याने मानलं. खरा मार्ग झां पेके याने १६५१ मध्ये दाखवला.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. लसिका तिथल्या ग्रंथींतून गाळली जाते, जंतूंशी लढताना त्या सुजतात. ही गाठ चोळून बसवू नये, मूळ जखमेवर उपचार करावा. गाठ कडक, न दुखणारी असेल आणि काही आठवड्यांत विरली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

मसाजने ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लसिका तुंबून आलेल्या सुजेवर मात्र प्रशिक्षित व्यक्तीने हलक्या हाताने केलेला मसाज उपचाराचा भाग असतो.

मला सर्वांत जास्त खटकतो तो स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना मिळणारा सल्ला: या हाताने आता काही उचलू नका. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजू शकतो, ही भीती खोटी नाही. पण कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. हात वर्षानुवर्षं जपून निकामी करण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने तो वापरात आणावा.

हत्तीरोगाबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. पाय सुजलेल्या माणसाला शिवल्याने तो होत नाही. क्युलेक्स डास चावून शरीरात आलेले जंत लसिकावाहिन्यांत वाढतात, वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात. सूज दिसायला वर्षं लागतात, आणि तोवर धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तातूनही डास जंतांची पिल्लं उचलतो. म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात, तेव्हा ‘मला तर काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्यानेही त्या त्यांच्यासमोरच घ्यायच्या असतात. लहान बाळं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांनाच त्यातून वगळतात. ज्याचा पाय आधीच सुजला आहे, त्याने तो रोज साबण-पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, घोटा हलवत राहावा, झोपताना पाय उंचावर ठेवावा. तापासह येणारे सुजेचे झटके या काळजीने कमी होतात.