कडक भाकरी आणि कॅमेरा

(पावसाळ्यात चपला, पट्टे, पुस्तके अशा अनेक वस्तूंना बुरशी लागते. कपाटात जपून ठेवलेला कॅमेराही तिच्या तावडीतून सुटत नाही. बुरशी का लागते आणि ती कशी टाळावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरातले जुने कपाट किंवा लोखंडी पेटी कधी नीट उघडून पाहिली आहे का? कपड्यांच्या आणि कागदपत्रांच्या खाली एखादा जुना कॅमेरा सापडेल. तो तपकिरी चामड्याच्या कव्हरमध्ये असेल. कव्हरला गळ्यात अडकवायचा पट्टा असेल. कदाचित तो तुमच्या आजोबांचा असेल. तुम्ही त्यांना दादा किंवा नाना म्हणत असाल. त्यांनी या कॅमेऱ्याने ईदच्या दिवशी, लग्नात, सहलीत फोटो काढले असतील. आता सगळे जण मोबाइलवर फोटो काढतात. म्हणून कॅमेरा कव्हरात घातला, कव्हर पेटीत ठेवले आणि पेटीला कुलूप लावले. "कॅमेरा अगदी जपून ठेवला आहे," असे घरातले सगळे म्हणतात.

पण तो खरोखर जपला गेला आहे का? कव्हर उघडून पाहा. कुबट वास येतो. चामड्यावर पांढरी-हिरवी भुकटी दिसते. कॅमेऱ्याचे भिंग उजेडासमोर धरले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. ही बुरशी आहे. उर्दूत तिला फफूंद म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "सोलापूरला कसली आली बुरशी? पाऊस तर कोकणात पडतो!" प्रश्न बरोबर आहे. सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा आहे. मग येथे बुरशी कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी तुम्ही खाल्ली असेल. पातळ थापलेली ही भाकरी कडक होईपर्यंत भाजतात. ती महिनाभरही टिकते. पण नेहमीची मऊ भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, तर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांतच तिला बुरशी लागते. दोन्ही भाकऱ्यांचे पीठ एकच, हात एकच, तवा एकच. मग फरक कशात आहे? फरक पाण्यात आहे. कडक भाकरीतले पाणी निघून गेलेले असते. मऊ भाकरीत ते शिल्लक असते. बुरशीला जगायला पाणी लागते. पाणी नाही, तर बुरशी नाही. हा नियम भाकरीला लागू आहे, तसाच कॅमेऱ्यालाही लागू आहे.

बुरशीचे बीज फार सूक्ष्म असते. त्याला बीजाणू म्हणतात. बीजाणू हवेत सगळीकडे तरंगत असतात. ते भाकरीवर बसतात, पुस्तकावर बसतात, कॅमेऱ्यावरही बसतात. त्यांना आपण पूर्णपणे रोखू शकत नाही. परंतु ते नुसते बसल्याने काही बिघडत नाही. त्यांना दमट हवा, अंधार आणि थोडे खाद्य मिळाले, की ते रुजतात. त्यांतून धागे फुटतात आणि पसरत जातात.

हवा किती दमट आहे हे टक्क्यांत सांगतात. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ हवेत आहे, हे त्यावरून कळते. हवा सत्तर टक्क्यांच्या वर दमट राहिली, की बुरशी जोमाने वाढते. चाळीस ते पन्नास टक्के ही कॅमेऱ्यासाठी चांगली हवा समजतात.

आता सोलापूरच्या हवेकडे पाहा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो. ओठ सुकतात, घशाला कोरड पडते. पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी हाच आकडा ऐंशीच्या आसपास जातो. म्हणजे पाऊस कमी पडला, तरी हवा दमट असते. त्यातच जुन्या घरांच्या दगडी भिंती ओल धरतात. कपाट भिंतीला टेकलेले असते. त्याच्या आत ना वारा, ना उजेड. बाहेर ऊन पडले, तरी आतली ओल तशीच राहते. बंद कपाटात पावसाळा लवकर संपत नाही!

दमटपणा नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. सोलापूर हे कापडाचे शहर. येथली पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. कापडगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवत असत, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. जो दमटपणा सुताचा मित्र, तोच कॅमेऱ्याचा शत्रू आहे.

कॅमेऱ्याचे चामड्याचे कव्हर पाहू. चामडे म्हणजे कमावलेले कातडे. कातडे कमावण्याला उर्दूत दबागत म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची आणि तरवडाची साल, तसेच हिरडा वापरत आले आहेत. कमावलेले कातडे सहज कुजत नाही, पण ते हवेतली ओल शोषून घेते. त्यात तेल, मेण आणि खळ असते. ते बुरशीचे आवडते खाद्य आहे. म्हणून चामड्याला बुरशी आधी लागते आणि मग ती कॅमेऱ्यात शिरते. प्रवासात हे कव्हर कॅमेऱ्याला धक्क्यापासून आणि धुळीपासून वाचवते. पण महिनोन्‌महिने बंद ठेवले, तर तेच कव्हर त्याला बिघडवते. पहारेकऱ्यानेच चोराला घरात घ्यावे, तसे हे होते.

काचेवर बुरशीला काय खायला मिळते, असे तुम्हांला वाटेल. भिंगावर आपल्या बोटांचा तेलकट ठसा उमटतो. धुळीचे कण बसतात. बुरशीला तेवढे पुरते. वाढताना तिच्यातून आम्ल पाझरते. त्याने भिंगावरचा पातळ लेप खराब होतो आणि शेवटी काचेवरही डाग पडतात. बुरशी पुसता येते, पण काचेवर पडलेला डाग पुसता येत नाही. मग प्रत्येक फोटो धुक्यातून काढल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीसारख्या उष्ण आणि दमट प्रदेशात सैनिकांना हाच त्रास झाला. त्यांच्या दुर्बिणींच्या भिंगांवर थोड्याच दिवसांत बुरशी वाढू लागली आणि दुर्बिणी निकामी झाल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी या बुरशीचा कसून अभ्यास केला. तुमच्या पेटीतला कॅमेरा आणि त्या दुर्बिणी यांचा शत्रू एकच आहे.

'कॅमेरा' या शब्दाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हा शब्द लॅटिन भाषेतला आहे. त्याचा अर्थ खोली. उर्दूत तुम्ही खोलीला 'कमरा' म्हणता. तो शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्याचे मूळही त्याच लॅटिन शब्दात आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या थोर शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून प्रकाश सोडून प्रयोग केले होते. आपला कॅमेरा म्हणजे अशीच एक छोटी अंधारी खोली आहे. खोली फार दिवस बंद ठेवली, तर ती कुबट होते. दारे-खिडक्या उघडल्या, की ती पुन्हा ताजी होते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे.

मग कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यावी? मृग नक्षत्र लागण्याआधीच तयारी करावी. कॅमेरा कव्हरातून बाहेर काढावा. त्यातले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात. स्वच्छ धुतलेल्या, सुकलेल्या मऊ मलमलीच्या कापडाने कॅमेरा पुसावा. भिंगावरची धूळ आधी मऊ ब्रशने हलकेच झाडावी, नाहीतर पुसताना ओरखडे पडतात. भिंगाला बोट लावू नये.

नंतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्यात कॅमेरा ठेवून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यात आणि पर्सेसमध्ये ज्या लहान पुड्या मिळतात, त्याच या पुड्या. त्यांतले दाणे हवेतली ओल शोषून घेतात. एक-दोन जुन्या पुड्या पुरत नाहीत, कारण त्यांनी बहुधा आधीच ओल शोषलेली असते. ताज्या पुड्या आणाव्यात आणि पावसाळाभर अधूनमधून बदलाव्यात. या पुड्या खाण्याच्या नसतात. लहान भावंडांच्या हाती त्या देऊ नका.

घरात सिलिका जेल नसेल, तर कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवू नये. तसे केल्यास आतली ओल आतच कोंडते. त्यापेक्षा भिंतीपासून दूर, मोकळ्या आणि हवेशीर फळीवर तो ठेवलेला बरा. कित्येक जण कॅमेऱ्याजवळ तांदूळ ठेवतात. पण तांदूळ सिलिका जेलइतकी ओल शोषत नाहीत आणि त्यांचा भुसा कॅमेऱ्यात जातो. डांबराच्या गोळ्याही कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत.

चामड्याचे कव्हर वेगळे ठेवावे. बुरशी लागली असेल, तर ते घराबाहेर नेऊन नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडावे. मग किंचित ओलसर फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर सुकवावे. कडक उन्हात चामडे आखडते आणि त्याला भेगा पडतात. चामडे चमकावे म्हणून त्यावर खोबरेल तेल चोपडू नये. ते तेल बुरशीला मेजवानीच होते. बुरशी लागलेली वस्तू चांगल्या वस्तूंपासून दूर ठेवावी.

सोलापूरकरांनी उन्हाळ्याकडेही लक्ष द्यायला हवे. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर कॅमेरा ठेवू नये. फार कोरड्या हवेत चामडे तडकते. पाण्याच्या कूलरसमोरही तो ठेवू नये. कूलरची हवा थंड असते, तशीच ती दमटही असते. भर उन्हाळ्यात आपण खोलीत पावसाळा आणतो, हे आपल्या ध्यानात येत नाही!

सगळ्यांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय शेवटी सांगतो. कॅमेरा वापरा. पंधरा दिवसांतून एकदा तो बाहेर काढा. त्याची बटणे दाबा, भिंग फिरवा, त्याला उजेड आणि वारा लागू द्या. मात्र कॅमेऱ्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका. त्याने डोळ्यांना कायमची इजा होते. भिंगाच्या आत बुरशी दिसली, तर स्वतः स्क्रू काढू नका. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा आणि लवकर जा. उशीर झाला, तर काच वाचत नाही.

हे सगळे एका जुन्या यंत्रासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण कॅमेऱ्याशेजारी त्याच पेटीत फोटो आणि निगेटिव्हही असतात. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते. म्हणून बुरशी तेही खाते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे जुन्या फिल्म थंड आणि कोरड्या कोठारांत जपून ठेवतात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. त्यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते जखमी सैनिकांच्या सेवेसाठी चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. ते सोलापूरला परत आले नाहीत. तरी त्यांचा चेहरा आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी त्यांची छायाचित्रे काढली आणि कोणीतरी ती जपली.

तुमच्या दादांचे, नानांचे फोटो मात्र कोणत्याही संग्रहालयात नाहीत. ते फक्त तुमच्या घरातल्या पेटीत आहेत. त्यांना जपणारे दुसरे कोणी नाही. म्हणून आज घरी गेल्यावर अम्मींना किंवा अब्बांना विचारा आणि ती पेटी उघडा. कुलूप लावले म्हणजे वस्तू जपली असे होत नाही. वस्तूला हवा लागते, उजेड लागतो आणि माणसाचा हात लागतो.

शब्दार्थ
तावडीत सापडणे – पकडीत येणे
कुबट – बंद जागेतल्या ओलीचा (वास)
बीजाणू – बुरशीचे अतिशय सूक्ष्म बीज
भिंग – कॅमेऱ्यातील गोल काच
दमट – ओलसर
पाझरणे – थेंब थेंब बाहेर येणे
कातडे कमावणे – कातड्यावर प्रक्रिया करून चामडे तयार करणे
निकामी – उपयोगात न येणारे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बुरशी वाढण्यासाठी कोणत्या गोष्टी लागतात?
(आ) 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ काय?
(इ) राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय कोठे आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते.
(आ) कापडगिरण्यांत हवा दमट ठेवत असत.
(इ) कॅमेरा कूलरसमोर ठेवू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
चामड्याचे कव्हर कॅमेऱ्याचा मित्र केव्हा असते आणि शत्रू केव्हा होते?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
कोरडा, अंधार, मित्र, उष्ण, स्वच्छ

उपक्रम : मऊ भाकरीचा एक तुकडा झाकणाच्या डब्यात आणि कडक भाकरीचा एक तुकडा उघड्या ताटलीत चार दिवस ठेवा. रोज काय दिसते ते वहीत लिहा. तुकडे हाताळल्यावर हात साबणाने धुवा.