सत्तर अक्षरांची मराठी

2014च्या गुढीपाडव्याला एका बांधकाम व्यावसायिकाचा एसएमएस हजारो नंबरांवर जायचा होता. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीत कॉपीरायटर म्हणून मला जेमतेम नऊ महिने झाले होते. मजकूर मी मराठीत लिहिला, चांगला सणासुदीचा, चार ओळींचा. पाठवायची व्यवस्था बघणारा मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “ताई, एकाचे तीन पडतायत.”

मला कळेना. मग त्यानं समजावलं. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, पण त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी मर्यादा 70 वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं. आपला तीन अक्षरी ‘मुहूर्त’ यंत्राच्या हिशेबात सात अक्षरांचा. तीन मेसेज म्हणजे तिप्पट खर्च, आणि क्लायंटचं उत्तर तयारच होतं, इंग्रजीत पाठवा. मी एका रात्रीची मुदत मागून घेतली. सकाळी जे उरलं ते असं: ‘पाडव्याला घर ठरवा. बाणेर, 2 बीएचके. आज नऊ ते सात या.’ पुढे फोन नंबर. सगळं धरून 63.

2013च्या जूनपासून 2024च्या मार्चपर्यंत मी तिथं काम केलं. वळून पाहताना मला सगळ्यात आधी ही आकडेमोड आठवते, कारण माझं जवळजवळ सगळं काम दुसऱ्या भाषेच्या मापानं आखलेल्या चौकटीत मराठी बसवण्याचं होतं.

दर महिन्याच्या 25 तारखेला पुढच्या महिन्याचं कंटेंट कॅलेंडर जायचं. मोठी एक्सेल शीट: तारीख, निमित्त, इंग्रजी कॉपी, हिंदी कॉपी आणि शेवटच्या रकान्यात मराठी. इंग्रजी ओळीवर चार बैठका व्हायच्या. ती संध्याकाळी साडेसहाला मंजूर झाली की सातपर्यंत मराठी हवी असे. ‘लिव्ह द लाइफ यू डिझर्व्ह’ या ओळीचं ‘आपण पात्र असलेलं आयुष्य जगा’ झालेलं मी होर्डिंगवर पाहिलं आहे. व्याकरणात काही चूक नाही, पण असं वाक्य कोणत्याही मराठी घरात कुणी कुणाला म्हणत नाही. आपल्याकडे ‘आता तरी जरा सुखानं राहा’ म्हणतात. हा फरक मीटिंगमध्ये समजावून सांगायला मला दोन-तीन वर्षं लागली.

डिझायनरांची अडचण वेगळी होती. बऱ्याच मशीनवर युनिकोड मजकूर फोटोशॉपमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. मग श्रीलिपीत पुन्हा टाइप करायचं, आणि टाइप करणाऱ्याला मराठी येत नसेल तर प्रत्येक फाइल मी डोळ्यांखालून घालायची. फेसबुकच्या जाहिरातींसाठी तेव्हा आणखी एक हिशेब होता. चित्रावर 25 चौकोनांची जाळी ठेवून पाहायचं. पाचापेक्षा जास्त चौकोनांत मजकूर नको. खाली उकार, वर रफार, अशी देवनागरी ओळ पटकन दोन रांगा व्यापते. 2020 मध्ये हा नियम उठला. तोवर आखूड शब्द शोधायची मला इतकी सवय झाली होती की ती अजून सुटलेली नाही, आणि त्या सवयीनं माझी मराठी सुधारली असं मी मनापासून मानते. दरम्यान मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत मिळू लागले. देखणी देवनागरी एका क्लिकवर आली, त्या दिवशी आमच्या डिझायनर मुलीनं सगळ्यांना चहा पाजला होता.

2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या वर्षभरात आमच्या रिपोर्टमधली गावांची नावं बदलली. पुणे, मुंबई, ठाण्याच्या खाली सांगली, लातूर, जळगाव दिसू लागली. 2018 मध्ये गूगलच्या जाहिरातींत मराठीला अधिकृत जागा मिळाली. तिथे जाहिरातींचा क्रम लिलावानं ठरतो, पण निव्वळ बोलीवर नाही. शोधणाऱ्याच्या शब्दांशी जाहिरात जुळली, तर कमी बोलीतही वरची जागा मिळते. मराठी शब्दांवर बोली लावणारे तेव्हा थोडे होते. आमच्या एका शेती अवजारांच्या क्लायंटला मराठी जाहिरातीवरचा क्लिक इंग्रजीपेक्षा बराच स्वस्त पडला, आणि त्यातून येणारे फोन खरे, कामाचे होते. त्या महिन्यापासून त्यांच्या शीटमध्ये मराठीचा रकाना पहिला आला. माझ्या आग्रहानं जे झालं नव्हतं, ते खर्चाच्या आकड्यानं केलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. आकडा आपल्या बाजूचा असेल तर तो मांडायला शिकावं.

या कामात माणसं मात्र टिकत नाहीत, आणि त्याबद्दल मला आजही राग येतो. पिच जिंकण्यासाठी भरमसाट कबूल करायचं आणि ते निभवायचं बावीस वर्षांच्या मुलांनी. एकेका मुलाकडे सहा-सहा क्लायंट. प्रत्येक सणाची पोस्ट हवी, त्यामुळे प्रत्येक सणाची आदली रात्र ऑफिसात. रात्री अकराला ‘लोगो थोडा मोठा करा’ असा निरोप येतो आणि मुलगी रिक्षातून उतरून पुन्हा लॅपटॉप उघडते. दीड वर्षात बहुतेक जण निघून जायचे. कुणी कंपन्यांत, कुणी गावी. त्यांच्या नावाची ओळ कुठल्याच जाहिरातीखाली नसते.

6 फेब्रुवारी 2022. रविवारची सकाळ. लताबाई मंगेशकर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून व्हॅलेंटाइन आठवड्याच्या गुलाबी पोस्ट लागलेल्या होत्या. आम्ही आपापल्या घरून तासाभरात सगळ्या थांबवल्या. मग फोन सुरू झाले: श्रद्धांजलीची पोस्ट द्या, खाली लोगो, प्रकल्पाचं नाव, नंबर. मी प्रत्येकाशी स्वतः बोलले. म्हटलं, ज्या घरात आज रेडिओ लावून माणसं गप्प बसली आहेत, तिथं आपण नंबर घेऊन जाऊ नये. तिघांनी ऐकलं आणि काहीच टाकलं नाही. अकरा वर्षांत मी लिहिलेल्या ओळींपेक्षा न लिहिलेल्या त्या तीन पोस्ट मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

2022च्या अखेरीस लिहून देणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली. ‘पात्र असलेलं आयुष्य’ पुन्हा समोर येऊ लागलं, आता मिनिटाभरात आणि वीस पर्यायांसह. नव्या मुलांना मी एकच काम सांगायचे: वाक्य आईला फोनवर वाचून दाखवा. ती ‘म्हणजे काय?’ म्हणाली, तर पुन्हा लिहा.

ही कसोटी मी आधी स्वतः दिली होती. 2020च्या टाळेबंदीत हॉटेलांची, कपड्यांची बजेट एका आठवड्यात थांबली होती. तेव्हा देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांचं काम आमच्याकडे आलं. बाजार बंद, पेट्या तयार. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवायला मजकूर हवा होता. पहिल्या वर्षी मी लिहायचे आणि ते ‘असं आम्ही बोलत नाही हो’ म्हणून बदलायला लावायचे. नंतर तेच लिहून पाठवू लागले, मी फक्त शुद्धलेखन पाहायचे.

2024च्या मार्चमध्ये, माझ्या शेवटच्या आठवड्यात, त्यांचा मेसेज आला: ‘यंदा मोहोर उशिरा. पेटी 10 एप्रिलनंतर. थांबाल का?’ मी सवयीनं मोजलं. 48 भरली. तशीच शीटमध्ये टाकली आणि शीट नव्या मुलीच्या नावावर केली.