उन्हाळ्याच्या भाजीचे बी संक्रांतीनंतर

वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, तामलवाडीच्या शिवारात भज्जी आणि आंबील वाढली जात असताना भाजीची टंचाई कोणाच्या मनातही येत नाही. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, सारे एकाच पातेल्यात उतरलेले असते. चार महिन्यांनी त्याच घरातील आजोबांच्या ताटात डाळ, भाकरी आणि फार तर बटाटा उरतो. बाजारात भाजी महागलेली असते आणि उन्हातून ती आणणारेही कोणी नसते. मग बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात येतात. या तक्रारीवरील एक उपाय जानेवारीतच करावा लागतो.

बी पेरण्याचा दिवस उन्हापासून मागे मोजून ठरवावा. भेंडी आणि काकडी पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने, तर दोडका व कारले सुमारे दोन महिन्यांनी तोडणीस येतात. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उष्णतेत वेलांना नर फुलेच अधिक येतात आणि फळधारणा घटते. म्हणून मार्चअखेर वेल मांडवावर चढलेला हवा. त्यासाठी बी मकर संक्रांतीनंतर, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मातीत जावे. पुढे पेरलेलेही उगवते. परंतु कोवळे रोप ऐन उन्हात सापडते.

अडचण रात्रीच्या थंडीची आहे. थंड, ओल्या मातीत हे बी उगवण्याऐवजी कुजते. घरी राखलेले भेंडीचे किंवा कारल्याचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात उबेला ठेवावे आणि मोड दिसताच पेरावे. आयुष्यभर मटकीला मोड आणणाऱ्या हातांना हे शिकवण्याची गरज नाही! वेलभाज्यांची मुळे दुखावलेली सोसत नाहीत; म्हणून एका करवंटीत किंवा तळाशी भोके पाडलेल्या दुधाच्या पिशवीत एकच बी लावावे आणि दोन-तीन पाने आल्यावर मातीसकट आळ्यात ठेवावे. भेंडी व गवार थेट जागेवरच पेरावी. गवारीला ऊब अधिक लागते, तिला फेब्रुवारी उजाडू द्यावा.

मेथी आणि कोथिंबीर फेब्रुवारीअखेरपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. धने आधी हलके रगडून दुभंगावेत. पुढच्या उन्हात त्या लवकर फुलावर येतात. तेव्हा तांदुळजा आणि राजगिरा साथ देतात.

आता डॉक्टर म्हणून काही सांगणे भाग आहे. पाकिटातील गुलाबी किंवा निळसर रंगाच्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असते. ते बी भिजवू नये, स्वयंपाकाच्या भांड्यात घेऊ नये, उरलेले कडधान्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी वाफ्यात उतरू नये. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षे झाली असतील तर ती आधी घ्यावी.

घरच्यांनी कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात आणि शेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना भोवळ येते, पडणे होते, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नव्हे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन ही गोळी सुरू असलेल्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कोणती भाजी किती खावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाण्याची ओढ असेल तर भाजी-धान्य धुतलेले पाणी आळ्यात ओतावे. भांडी विसळलेले, साबण कमी असलेले पाणीही वेलाच्या मुळाशी चालते. पालेभाजीच्या वाफ्यात मात्र ते सोडू नये.