चाकांवरच्या घरात ऊब सारखी का पसरत नाही?

अमेरिका आणि कॅनडा या देशांत मोटारीच्या मागे जोडून ओढून नेता येईल असे लहानसे घर पुष्कळांकडे असते. त्याला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. सहा-सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशा या डब्यात एका टोकाला निजण्याची जागा, मध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि बाजूला न्हाणीघर असते. सुटीत हिंडण्यासाठी हे घर उत्तम. पण काही माणसे त्यात हिवाळाही काढतात. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात २०१० च्या सुमारास तेलविहिरींच्या कामावर इतकी माणसे आली, की विलिस्टन गावात घरे पुरेनात. अनेकांनी अशा ट्रेलरमध्येच मुक्काम केला. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली २५ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतही उतरते.

अशा घरात एक अडचण नेहमी येते. बैठकीच्या जागी स्वेटर काढावासा वाटतो आणि निजण्याच्या कोपऱ्यात दात वाजतात! भट्टी तर एकच; मग असे का व्हावे?

प्रथम भट्टीची रचना पाहू. धातूच्या बंद पेटीत प्रोपेन वायू जळतो. ज्वलनातून निघालेले वायू नळीवाटे थेट बाहेर जातात. पेटी बाहेरून तापते आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंखा खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो. तापलेली हवा जमिनीखालच्या, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या नळ्यांतून जाळीदार झरोक्यांपर्यंत जाते. गार झालेली हवा दुसऱ्या एका जाळीतून भट्टीकडे परत येते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरलेले तापमान आले की भट्टी बंद करतो.

आता कारणे शोधू. गावात पाण्याच्या टाकीजवळच्या घरी नळाला जोर असतो आणि शेवटच्या घरी बारीक धार येते, हे तुम्ही पाहिले असेल. हवेचेही तसेच आहे. नळी जितकी लांब, वाकडी आणि चेपलेली, तितका तिचा विरोध अधिक. नळीचा व्यास संपूर्ण लांबीभर निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाने जाणारी हवा निम्मी होत नाही. ती सुमारे एक-षष्ठांशच उरते! या नळ्या बहुधा लवचीक असतात. सामानाखाली एखादी दबली, की तिच्या वाट्याची हवा दुसऱ्या नळीतून निघून जाते. सांधा सुटला असेल, तर ऊब जमिनीखालीच सांडते.

दुसरे कारण परतीच्या वाटेचे. निजण्याच्या खोलीचे दार घट्ट लावले आणि फटही ठेवली नाही, तर आतली हवा बाहेर पडत नाही. मग नवी गरम हवा आत शिरणार कशी?

तिसरे कारण थोडे गणित करून समजेल. ट्रेलरमध्ये ३५ घनमीटर हवा धरली, तर तिचे वस्तुमान सुमारे ४२ किलोग्रॅम होते. ती १ अंशाने तापवण्यास सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता लागते. भट्टी ७ किलोवॉट उष्णता देत असेल, तर त्याला अवघे ६ सेकंद पुरतील. म्हणजे हवा झटकन तापते. भिंती, गाद्या आणि जमीन मात्र सावकाश. थर्मोस्टॅट गरम झरोक्याजवळ असेल, तर दूरचा कोपरा उबण्याआधीच तो भट्टी बंद करतो. त्याला फक्त स्वतःजवळचे तापमान कळते.

उपाय क्रमाने करावे. तीन-चार ठिकाणी तापमापक ठेवून अर्ध्या तासाने नोंद घ्यावी. परतीच्या जाळीसमोरचे सामान हलवावे. नळ्या सरळ कराव्या, जास्तीची लांबी कापावी आणि सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करावे. मग भट्टीजवळचे झरोके थोडे मिटावे, म्हणजे दूरच्या नळीला अधिक हवा मिळते. पण पुष्कळ झरोके मिटू नयेत. हवा कमी वाहिली तर पेटी फार तापते आणि सुरक्षा-स्विच ज्योत विझवतो. थर्मोस्टॅट झरोक्यापासून दूर, आतल्या भिंतीवर असावा.

काही जण सोपा उपाय म्हणून थर्मोस्टॅटजवळ विजेचा हीटर लावतात. खोली उबते, पण भट्टी सुरूच होत नाही. पुष्कळ ट्रेलरमध्ये भट्टीची थोडी हवा जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यांकडेही जाते. ती थांबली की नळांतले पाणी गोठते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ फुटतात. स्वयंपाकाची शेगडी पेटवून खोली तापवणे तर जिवावर बेतू शकते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून ट्रेलरमध्ये त्याची सूचना देणारा भोंगा चालू असलाच पाहिजे.

एक प्रयोग तुम्हीही करा. शीतपेयाच्या दोन सारख्या नळ्या घ्या, एक मधोमध थोडी मोडा आणि दोन्ही एकदम ओठांत धरून फुंका. हाताला कोणत्या नळीतून अधिक वारा लागतो? मोडलेल्या नळीचा वारा वाढवायचा, पण ती सरळ करायची नाही, असे ठरवले तर काय कराल? उत्तर वर आलेच आहे, शोधून पाहा.