वास्को स्टेशन नवं होणार, पण कुणासाठी?

पेडणे, डिचोलीहून वास्कोला रेल्वेनं कोण जातं? फारसं कुणी नाही. बेळगाव, मिरज, पुण्याच्या माणसाला मात्र हे स्टेशन चांगलं ठाऊक. निजामुद्दीनहून निघालेली गोवा एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत घाट उतरते ती इथं येऊन थांबते. केंद्राच्या अमृत भारत स्थानक योजनेत सावर्ड्यासोबत वास्कोचंही नाव आहे. म्हणजे मोठं प्रतीक्षागृह, लिफ्ट, रुंद पादचारी पूल, बरी स्वच्छतागृहं, स्थानिक मालाचा स्टॉल. हे सगळं हवंच आहे. पण हा मार्ग मुळात कशासाठी टाकला, ते आधी बघूया.

1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीजांत करार झाला. त्यातून गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि मुरगाव बंदर ते घाटमाथा रेल्वेचा रस्ता मोकळा झाला. 1887 मध्ये रूळ सावर्ड्यापर्यंत पोचले, पुढच्या वर्षी कॅसलरॉक गाठलं. घाटावरचा कापूस बोटीत चढवायचा, हा हिशोब. प्रवासी होतेच, पण मालामागून. शहरसुद्धा बंदर आणि रेल्वेच्या आधारानं वाढलं. पुढं 1955 मध्ये सत्याग्रहानंतर भारतानं कॅसलरॉकची वाहतूक बंद केली, ती गोवा मुक्त होईपर्यंत बंदच राहिली.

आता स्टेशन दुरुस्तीतली खरी मेख. दर्शनी भाग रंगवणं सोपं. अवघड असतो तो फलाट. हा मार्ग मीटरगेज होता, रुळांतलं अंतर 1000 मिलिमीटर. नव्वदच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला, 1676 मिलिमीटर. डबे रुंद आणि उंच झाले, गाड्या लांबल्या. उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असावा लागतो. त्याहून खाली असला की म्हाताऱ्या माणसाला डब्यात चढताना कुणीतरी हात द्यावा लागतो. शिवाय रूळ बदलताना खाली नवी खडी पडली की रूळ वर येतो, आणि फलाट जागच्या जागी असूनही बुटका होतो. फलाट उंच केला तर जुन्या इमारतीचा उंबरा खाली जातो, पावसाचं पाणी आत येतं. वरून जाणाऱ्या 25 हजार व्होल्टच्या विजेच्या तारेपासून छप्पर आणि पूल सुरक्षित अंतरावर ठेवावे लागतात, ते वेगळंच. मुंबईच्या सीएसएमटीला 2004 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, तिथं प्रत्येक दगडावर लोकांची नजर असते. लहान स्टेशनांचं जुनेपण मात्र कंत्राटदाराच्या एका पावसाळ्यात गायब होऊ शकतं.

माल अजून आहेच. बंदरातला कोळसा याच रुळांवरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणूनच दुपदरीकरणाला गोव्यात विरोध झाला. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. स्टेशन नवं होतंय म्हटल्यावर वास्कोकर आधी विचारतात, सोय आमची की कोळशाची? प्रश्न चुकीचा नाही.

उत्तर गोव्याचं दुखणं निराळं. पेडणे, थिवी ही कोकण रेल्वेची स्टेशनं, वास्को दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. दोन्ही मार्ग माजोर्ड्याला मिळतात खरे, पण दोन्ही उत्तरेकडूनच येऊन. पेडण्याहून वास्कोची थेट गाडी सोडायची तर इंजिन उलट्या टोकाला लावावं लागेल. त्यामुळं मडगावला उतरा, गाडी बदला, नाहीतर सरळ बस धरा. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हापासून मडगाव मोठं झालं आणि वास्को एका टोकाला राहिलं.

म्हणून आमच्या मते लिफ्टइतकंच महत्त्व वेळापत्रकाला आहे. कुळे, सावर्डे, मडगाव, दाबोळी, वास्को या पट्ट्यात कामगार आणि कॉलेजची मुलं रोज फिरतात. त्यांच्या वेळेला धरून पॅसेंजर हव्यात, आणि मडगावला कोकण रेल्वेच्या गाड्यांशी त्यांचा मेळ हवा. श्रावणात वास्कोला दामोदर सप्ताह भरतो, चोवीस तास अखंड भजन चालतं. हा देव जांबावलीचा, म्हणजे सावर्ड्याच्याच बाजूचा. भजन ऐकून रात्री त्या बाजूला परतणाऱ्याला गाडी मिळते का, नव्या स्टेशनात पहिल्यांदा हेच बघायचं.